'टॉम-यम-गुंग' ८४ मिनिटांचा की ११० मिनिटांचा? थाई मारधाडपटांच्या डिस्क घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. थाई मारधाडपटांचा नायक टोनी जा याचे चित्रपट लहानपणी घरच्या व्हीसीडीवर, हिंदी डबमध्ये पाहिले. आता स्वतःच्या पैशाने नीट डिस्क घ्यायच्या आहेत. पण 'टॉम-यम-गुंग' शोधायला गेलं तर एक आवृत्ती ८४ मिनिटांची निघते, दुसरी ११० च्या आसपास, आणि तिसरीचं तर नावच निराळं. 'ओंग-बाक'चाही असाच घोळ. खरा कुठला? ब्लू-रेच घ्यावी की जुनी डीव्हीडी चालेल? आणि त्या जुन्या व्हीसीडी ठेवाव्यात की टाकून द्याव्यात?

मी मुंबईत डीव्हीडी ऑथरिंगच्या धंद्यात पंधराएक वर्षं काढली. ऑथरिंग म्हणजे टेपवर आलेला चित्रपट, त्याचे आवाजाचे ट्रॅक, सबटायटल, मेनू हे सगळं एकत्र बांधून कारखान्यात जाणारी मास्टर तयार करायची. त्यातली सुरुवातीची वर्षं तपासणीची: कान हेडफोनमध्ये, डोळे पडद्यावर आणि हातात चुकांचा तक्ता. त्यामुळे माझं उत्तर रसिकाचं कमी आणि तपासनिसाचं जास्त वाटेल.

आधी एकच गोष्ट सांगतो, बाकी सगळं तिच्याभोवतीच फिरतं. थाई मारधाडपटाची डिस्क घेताना चित्र किती स्वच्छ आहे हे सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा की तो चित्रपट अख्खा आहे का, आणि त्याचा आवाज त्याचाच आहे का. हे चित्रपट परदेशात गेले तेव्हा जवळपास प्रत्येक देशाने त्यांना आपापल्या मापाचे कपडे शिवले. म्हणजे तुम्ही 'तोच' चित्रपट दोनदा विकत घेता आणि प्रत्यक्षात घरात दोन वेगळे चित्रपट येतात.

'टॉम-यम-गुंग'पासून सुरुवात करू, कारण त्याचा हिशोब सरळ आहे. चित्रपट २००५ चा, दिग्दर्शक प्रच्या पिंकेव, मारामारीची रचना पन्ना रित्तिक्राय यांची. खेड्यातल्या पोराचे हत्ती चोरीला जातात आणि तो त्यांच्या मागावर थेट सिडनीला पोचतो. टॉम-यम-गुंग हे कोळंबीच्या आंबट-तिखट थाई रश्श्याचं नाव, आणि चित्रपटात त्याच नावाचं हॉटेल आहे. अमेरिकेतल्या वितरकाला हे नाव पडद्यावर नको होतं. वाइनस्टीन कंपनीने २००६ मध्ये तो 'द प्रोटेक्टर' नावाने लावला, ११० मिनिटांचा ८४ वर आणला आणि आरझेडए या हिप-हॉप कलाकाराकडून नवीन पार्श्वसंगीत करून घेतलं. तोच चित्रपट ब्रिटनमध्ये 'वॉरियर किंग' झाला. जर्मनी, स्पेन, रशिया यांनी आणखी निराळी नावं दिली. तुमच्या यादीत जे तीन-चार चित्रपट दिसत होते ते सगळे हेच.

कापलेली पंचवीसेक मिनिटं मुख्यतः कथेची आहेत. कोणी म्हणेल, बरंच झालं, कथा कोणाला हवीय? मीही एकेकाळी असंच म्हणायचो. पण कात्री कुठे लागते ते बघा. नायकाचं हत्तींशी नातं, सिडनीतला थाई पोलीस हवालदार, टोळीची मालकीण मादाम रोझ आणि तिच्या घरातलं सत्तेचं राजकारण. ही भूमिका चिनी नर्तकी जिन शिंग यांनी केली आहे, आणि त्यांचं काम बघण्यासारखं आहे. हे पातळ केलं की शेवटी नायक वेड्यासारखा माणसांचे हातपाय मोडत सुटतो ते नुसतं मोडणं उरतं. पूर्ण आवृत्तीत त्याच्यासमोर आपल्या हत्तीचा सांगाडा उभा असतो, आणि त्या खोलीत शिरण्याआधीची सगळी वाट आपण त्याच्याबरोबर चाललेलो असतो. दोन्ही आवृत्त्यांत हाडं तितकीच मोडतात, पण पोटात खड्डा पडतो तो एकीतच.

आता गंमत अशी की अख्खा चित्रपट मिळवायला अमेरिकी डिस्क टाळायचीही गरज नाही. वाइनस्टीनच्या 'ड्रॅगन डायनॅस्टी' या लेबलने २००७ मध्ये काढलेल्या दोन डिस्कच्या संचात एकीवर अमेरिकी आवृत्ती आणि दुसरीवर लांब आवृत्ती आहे. मात्र जुन्या बाजारात हा संच बऱ्याचदा अर्धाच मिळतो, एकच डिस्क. विकणाऱ्याला डबी उघडून फोटो पाठवायला सांगा. 'डिस्क दोन्ही आहेत ना' या प्रश्नाला 'हो, ओरिजिनल आहे' असं उत्तर आलं तर समजून जा.

मिनिटांवरून ओळखायला जाल तर एक सापळा आहे, तो आधी समजून घ्या. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. युरोपातली आणि आपल्याकडची पाल (PAL) या टीव्ही पद्धतीची डीव्हीडी २५ ने चालते. बहुतेक वेळा चित्रपट सरळ थोडा पळवला जातो, चार टक्के. म्हणजे ११० मिनिटांचा चित्रपट पाल डीव्हीडीवर साधारण १०५ मिनिटं ३६ सेकंदांत संपतो, आणि त्यात एक चौकटही कापलेली नसते. ब्रिटिश डीव्हीडीच्या पाठीवर १०५ बघून 'ही पाच मिनिटं गेली कुठे' म्हणून भांडणारे लोक मी पाहिलेत. पाच मिनिटं कुठेच गेली नाहीत. फक्त सगळे थोडे घाईत आहेत, आणि आवाजही किंचित चढलेला असतो. तयार कानाला तो कळतो. ब्लू-रे सहसा मूळ २४ नेच चालते, म्हणून तिच्या पाठीवरच्या मिनिटांवर भरवसा ठेवायला हरकत नाही. डीव्हीडी असेल तर आधी पाल की एनटीएससी (अमेरिकेकडची पद्धत) ते बघायचं, आणि पाल असेल तर आकड्याला २४ ने भागून २५ ने गुणायचं. मग तुलना करायची.

'ओंग-बाक'ला मात्र हा हिशोब फारसा उपयोगी पडत नाही. २००३ चा हा चित्रपट फ्रान्समध्ये दिग्दर्शक-निर्माते ल्यूक बेसाँ यांच्या युरोपाकॉर्प कंपनीने घेतला, त्याची काटछाट केली आणि मूळ थाई संगीत काढून त्याजागी हिप-हॉपच्या वळणाचं घातलं. २००५ मध्ये मॅग्नोलिया या वितरकाने अमेरिकेत लावला तो हाच अवतार, आणि पाश्चात्त्य देशांतल्या बऱ्याचशा डिस्कवरही हाच आहे. मिनिटांचा फरक फार मोठा नाही, म्हणून पाठीवरचा आकडा बघून फसायला होतं. ओळख पटवायला एक पात्र लक्षात ठेवा: ङेक. नायकाबरोबर बँकॉकमध्ये फिरणारी मुए लेक नावाची चलाख पोरगी आहे ना, तिची ही मोठी बहीण. अमली पदार्थांच्या धंद्यात अडकलेली. मूळ थाई आवृत्तीत तिची पुरती शोकांतिका आहे. युरोपाकॉर्पच्या आवृत्तीत तिचा बहुतेक भाग उडवला आहे. तुमच्या डिस्कवर ही बहीण जेमतेम येऊन गेली असेल तर तुमच्याकडे परदेशी कट आहे.

याच चित्रपटात एक मस्करी दडलेली आहे, आणि तिचा डिस्कशी थेट संबंध आहे. गल्लीबोळातल्या पाठलागात मागे स्पीलबर्गच्या नावाने एक संदेश रंगवलेला दिसतो, 'चला एकत्र काम करू' अशा अर्थाचा, तोही स्पीलबर्गच्या स्पेलिंगची वाट लावून. पुढे टुकटुकच्या पाठलागात एका खांबावर ल्यूक बेसाँसाठी निरोप आहे: आम्ही तुमची वाट बघतोय. आणि चित्रपट विकत घ्यायला आला तो बेसाँच! व्हीसीडीवर हे वाचता येणं शक्यच नव्हतं, तिथे त्या खांबाचा नुसता राखाडी ठिपका व्हायचा. मी ते पहिल्यांदा डीव्हीडी थांबवून वाचलं आणि खुर्चीतच हसलो. खिशात फार पैसे नसलेल्या निर्मात्याने जाहिरातीची जागा म्हणून स्वतःच्याच चित्रपटाची भिंत वापरली.

शेवटाचीही एक भानगड आहे. नायकाचा गाववाला हमले, शहरात जाऊन स्वतःला जॉर्ज म्हणवून घेणारा, तो चित्रपटात शेवटी मरतो. पण काही डीव्हीडींवर वेगळा शेवट जास्तीचा म्हणून दिला आहे, ज्यात तो पट्ट्या बांधून, लंगडत का होईना, गावच्या मिरवणुकीत हजर असतो. कोणी 'तो मरत नाही, मी स्वतः पाहिलंय' म्हणालं तर पैज लावू नका. (हमले या नावाचा अर्थ इतका गावरान आहे की तो इथे लिहीत नाही. इंग्रजी सबटायटलवाल्यांना ही लाज वाटली नाही.)

सबटायटलचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण याकडे कोणी बघत नाही. नायक आणि हमले दोघेही ईसानचे, म्हणजे थायलंडच्या ईशान्येकडच्या कोरडवाहू पट्ट्यातले. तिथली बोली बँकॉकच्या थाईपेक्षा बरीच वेगळी, लाओच्या जवळची. गावाकडून आलेला पोरगा बोलीत बोलतो आणि शहरात रुळलेला गाववाला त्याला ओळखच दाखवत नाही, हा विनोद मुळात भाषेचा आहे. दादरला उतरलेल्या वऱ्हाडी भाच्याला मामाने 'एक्स्क्यूज मी' म्हणावं, तसा. कुठल्याही इंग्रजी सबटायटलमध्ये तो पुरा उतरत नाही, पण काहींमध्ये निदान प्रयत्न दिसतो. सगळ्यात वाईट सबटायटल कोणते, तर जे थाई संवादांवरून केलेलेच नाहीत. इंग्रजी डबचा मजकूर उचलून थाई आवाजाखाली चिकटवलेले. ओळखायची युक्ती सोपी. थाई ट्रॅक लावा, इंग्रजी सबटायटल लावा. पडद्यावर माणूस एक शब्द ओरडतोय आणि खाली दोन ओळींचं वाक्य येतंय, किंवा कोणी तोंडच उघडलेलं नाही तरी मजकूर येतोय, असं वारंवार दिसलं की ते डबवरून केलेलं आहे.

आता आवाज. इथे मला माझ्याच धंद्याची धुणी धुवावी लागतील. चित्रपट डब करायला देताना निर्मात्याकडून एक वेगळा ट्रॅक यावा लागतो, संवाद वगळून फक्त संगीत आणि बाकीचे आवाज असलेला. आम्ही त्याला एम अँड ई म्हणायचो. तो आला की वर हिंदी संवाद बसवले, काम झालं. तो आला नाही की रडकथा सुरू, कारण मूळ ट्रॅकमधून थाई बोलणं काढायचं तर त्याबरोबर ठोसेही जातात. एकदा एका कंपनीसाठी एका थाई मारधाडपटाचं काम आमच्याकडे आलं आणि एम अँड ई नव्हता. मुदत चार दिवसांची. मग आमच्या साउंडवाल्याने काय केलं? लायब्ररीतून आपले नेहमीचे ढिशुम काढले आणि प्रत्येक फटक्यावर चिकटवले. कोपराला तोच आवाज, गुडघ्याला तोच, डोक्यावर फुटलेल्या लाकडी फळीलाही तोच. मी तपासणीच्या तक्त्यावर लिहिलं, 'फटके सगळे सारखे वाटतात.' वरून उत्तर आलं, 'मारामारी आहे, सारखीच वाटणार.'

सारखी वाटत नाही, हाच तर या चित्रपटांचा जीव आहे. मुए थाई या थायलंडच्या मुष्टियुद्धाला आठ अवयवांची कला म्हणतात: दोन मुठी, दोन कोपरं, दोन गुडघे, दोन नडग्या. 'ओंग-बाक'मध्ये टोनी जा वापरतो ती त्यातही जुनी, मुए बोरान धाटणीची. कोपर टाळूवर उतरतं तेव्हाचा कोरडा टक्क आणि गुडघा बरगडीत शिरतो तेव्हाचा दबका धप्प हे दोन वेगळे शब्द आहेत. मूळ थाई ट्रॅकवर ते ऐकू येतात. म्हणून म्हणतो, डिस्कवर थाई ट्रॅक नसेल तर चित्र कितीही लखलखीत असो, ती घेऊ नका.

चूक माझीही झालेली आहे, ती सांगून टाकतो. नवखा होतो. थाई चित्रपटाची टेप तपासायला आली. नायक उंचावरून उडी मारतो, आणि लगेच तीच उडी दुसऱ्या बाजूने पुन्हा, मग तिसऱ्या बाजूने. मी तक्त्यावर ठळक लिहिलं: 'शॉट रिपीट, एडिटिंगची चूक, तीन ठिकाणी.' सीनियरने वाचलं, हसला आणि मला चहा प्यायला घेऊन गेला. ती चूक नव्हती, ती पावती होती. दोर नाही, संगणकाची करामत नाही, डमी नाही. विश्वास बसत नसेल तर हे घे, इकडून बघ, तिकडून बघ. जादूगार बाह्या वर करून दाखवतो तसं. पुढे कळलं की केबलसाठी वेळेत बसवताना असे दुबार शॉट सगळ्यात आधी उडवले जायचे. तुमच्या हिंदी डबमध्ये उड्या एकेकदाच दिसत असतील तर कोणातरी माझ्यासारख्याने त्या 'दुरुस्त' केल्या आहेत.

हा बाह्या वर करण्याचा प्रकार आला कुठून हे माहीत असलं तर डिस्क निवडायला मदत होते. पन्ना रित्तिक्राय ईसानमधल्या खोन कैनचे. ब्रूस ली आणि जॅकी चॅन बघून बघून स्वतःच शिकलेले. तिथल्या पोरांची स्टंट टीम जमवून त्यांनी तुटपुंज्या पैशात मारधाडपट काढले, जे बँकॉकच्या झकपक थिएटरांपेक्षा गावोगावच्या उघड्या पडद्यांवर आणि पुढे व्हिडिओवर चालले. आपल्याकडे जत्रेतले तंबू टॉकीज असत त्याच्या जवळचं प्रकरण. सुरिनच्या एका हत्ती पाळणाऱ्या घरातल्या मुलाने लहानपणी असेच चित्रपट पाहिले आणि तो पन्नांच्या दारात जाऊन उभा राहिला. तो टोनी जा. थाई मारधाडपटात जीव धोक्यात घालण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. मित्र चायबन्चा नावाचा तिथला सर्वांत लाडका नायक १९७० मध्ये चित्रीकरणात हेलिकॉप्टरच्या दोरशिडीवरून पडून गेला.

यातूनच बाजारातली एक फसवणूक निघाली. 'ओंग-बाक' जगभर गाजल्यावर पन्नांचे नव्वदीतले जुने, स्वस्तातले चित्रपट परदेशात डीव्हीडीवर निघाले आणि मुखपृष्ठावर टोनी जाचा मोठा चेहरा. प्रत्यक्षात तो त्यात छोट्या भूमिकेत किंवा स्टंट करणाऱ्यांच्या घोळक्यात. 'स्पिरिटेड किलर' हे ठळक उदाहरण. वाईट चित्रपट म्हणत नाही मी, पन्नांचे चाहते असाल तर जरूर घ्या. पण टोनी जासाठी घ्याल तर त्याला शोधत बसाल.

मग घ्यायचं काय? माझी पसंती विचाराल तर 'ओंग-बाक' आणि 'टॉम-यम-गुंग'नंतर थेट २००४ चा 'बॉर्न टू फाइट'. पन्नांनी स्वतः दिग्दर्शित केलेला, त्यांच्याच १९८४ च्या चित्रपटाचं नाव घेऊन. यात टोनी जा नाही. एका गावाला दहशतवादी वेढा घालतात आणि तिथे मदत वाटायला आलेले राष्ट्रीय खेळाडू त्यांच्याशी लढतात: कोणी फुटबॉलवाला, कोणी जिम्नॅस्ट. कथा म्हणून पोरकट, पण धावत्या ट्रकवरून माणसं पडतात ती खरोखर पडतात. हाही ड्रॅगन डायनॅस्टीवर आला होता.

त्यानंतर २००८ चा 'चॉकलेट'. नायिका जीजा यानिन. मराठी माणसाला नाव लक्षात ठेवायला त्रास नाही. तायक्वांदो शिकलेली ही मुलगी आधी 'बॉर्न टू फाइट'साठी चाचणी द्यायला आली होती. तिला पन्ना आणि प्रच्या यांनी काही वर्षं तयार केलं आणि मग तिच्यासाठीच हा चित्रपट बांधला. शेवटची मारामारी एका इमारतीच्या बाहेरच्या अरुंद कठड्यांवर आहे, मजल्यामागून मजला. पण तुम्हाला बघायची आहे ती त्यानंतरची श्रेयनामावली. तिथे चित्रीकरणात झालेल्या दुखापतींची दृश्यं आहेत, मानेला पट्टे, डोळ्याला सूज. स्ट्रीमिंगवर बघाल तर नेमकी नावं सुरू झाली की चित्र कोपऱ्यात चिमटतं आणि 'पुढचा चित्रपट पाच सेकंदांत' येतं. डिस्क घेण्याचं एवढं एक कारणही मला पुरतं.

'ओंग-बाक २' आणि '३' घ्यायचे तर एकदमच घ्या. नावं तशी असली तरी पहिल्या चित्रपटाशी कथेचा संबंध नाही, काळ थेट पंधराव्या शतकातला. २००८ मध्ये दुसऱ्याचं चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शक आणि नायक असलेला टोनी जा सेट सोडून सुमारे दोन महिने गायब झाला होता. शेवटी पन्नांना सहदिग्दर्शक म्हणून आणून काम पुरं केलं. चित्रपट मध्येच तुटल्यासारखा संपतो, ती तुमच्या डिस्कची चूक नाही. पुढचं २०१० च्या तिसऱ्या भागात आहे. 'टॉम-यम-गुंग २' वर पैसे घालू नका, असं मी म्हणेन. थ्रीडीसाठी वस्तू कॅमेऱ्याच्या तोंडावर फेकायच्या नादात, ज्या माणसांना दोराची गरज नव्हती त्यांना दोर बांधले.

डीव्हीडी की ब्लू-रे? साधारणपणे ब्लू-रे, पण आधी वर सांगितलेलं बघून. कापलेल्या चित्रपटाची ब्लू-रे आणि अख्ख्या चित्रपटाची डीव्हीडी समोर असेल तर मी डीव्हीडी उचलेन, आणि एक गोष्ट तपासेन. जलद लाथ पडद्यावर साधारण पाव ते तृतीयांश सेकंदात होते, म्हणजे सहा ते आठ चौकटी. एका पद्धतीची टेप दुसऱ्या पद्धतीत ओबडधोबड बदललेली असेल तर शेजारच्या चौकटी एकमेकींत मिसळतात. प्लेअर थांबवून एकेक चौकट पुढे न्या. पायाला दोन-दोन भुतासारख्या सावल्या दिसल्या तर हस्तांतर वाईट आहे. प्रेमकथेत हे खपून जातं. इथे प्रत्येक लाथ मळकट होते. दुसरं, जुन्या टीव्हीच्या मापाला दोन्ही बाजूंनी छाटलेली डिस्क नको. लाथ मारणारा दिसतो, खाणारा चौकटीबाहेर उडालेला असतो.

'टॉम-यम-गुंग'मधला हॉटेलचा जिना आठवा. जवळजवळ चार मिनिटांचा एकच सलग शॉट, कॅमेरामन नायकाच्या मागे मजले चढतोय, दारं फुटतायत, माणसं कठड्यावरून खाली जातायत. तो डिस्कची परीक्षा घ्यायला उत्तम. कट नसल्यामुळे डोळ्याला विश्रांती नाही, आणि दाबून भरलेल्या चित्राला तर अजिबातच नाही. स्वस्तातल्या डिस्कवर चौथ्या मजल्याला पोचेपर्यंत भिंतींचे चौकोन दिसायला लागतात. नायकही तिथे दमलेला दिसतो, पण ते खरं दमणं आहे.

आता भारतात बसून विकत घेण्याबद्दल. डिस्कसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत, आणि एका विभागाची डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरवर चालेलच असं नाही. डीव्हीडीच्या जगात आपण विभाग ५ मध्ये, थायलंड ३, ब्रिटन २, अमेरिका १. आपल्याकडचे बरेच डीव्हीडी प्लेअर सगळे विभाग चालवतात, त्यामुळे तिथे फार अडत नाही. ब्लू-रेला मात्र आपण सी, अमेरिका आणि थायलंड ए, ब्रिटन बी, आणि ब्लू-रे प्लेअर याबाबतीत कडक असतात. डिस्क मागवण्याआधी प्लेअरचा विभाग बघा. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला विभागच नसतो, त्यामुळे ज्यांच्याकडे तसा प्लेअर आहे त्यांनी तिकडे बघावं. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये विभाग बदलता येतो पण मोजून पाच वेळा. पाचव्यानंतर जो असेल तो कायमचा. खास थायलंडहून डीव्हीडी मागवायची हौस असेल तर इंग्रजी सबटायटल आहेत का हे आधी विचारा. स्थानिक ग्राहकासाठी काढलेल्या कितीतरी थाई डिस्कवर ते नसतात.

आणि घरातल्या व्हीसीडी. टाकू नका. चित्र म्हणून त्यांची ऐपत काही नाही, ३५२ बाय २८८ ठिपके, एका डिस्कवर सव्वा तासाच्या आसपासच मावतं म्हणून चित्रपट दोन तुकड्यांत. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली तेव्हा आमच्या धंद्यात बॉम्ब पडल्यासारखं झालं होतं; त्याआधी आणि नंतरही भाड्याच्या दुकानांतून या डिस्क इतक्या हातांतून गेल्या की धड शिल्लक राहिलेल्या थोड्याच. पण त्यावरचा हिंदी डब कदाचित आज दुसरीकडे मिळणार नाही. एकाच चित्रपटाचे दोन-दोन डब व्हायचे, आणि टेपा कोणी जपल्या नाहीत. आमच्या डिस्कवरचे ढिशुम वाईट होते, पण आवाज देणारी माणसं कसबी होती. तुमच्या लहानपणी टोनी जा ज्या आवाजात बोलला तो आवाज त्या चकतीवरच असू शकतो.

म्हणून संगणकात कॉपी करून ठेवा, आणि लवकर करा. लोक व्हीसीडीची चमकती बाजू जपतात आणि छापील बाजू टेबलावर घासतात. उलटं करायला हवं. सीडीत चमकणारा थर छापील बाजूच्या अगदी लगत असतो, तिथे ओरखडा गेला की माहितीच खरवडली जाते. खालच्या बाजूचा ओरखडा बऱ्याचदा पॉलिश करून निभावतो. डीव्हीडीत तो थर प्लास्टिकच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो म्हणून ती जरा टणक. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात डबीत बुरशी धरते. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, आणि पुसायचं मधून कडेकडे, गोल नाही. त्यानंतर वाळवून ड्राइव्हमध्ये घाला. सुरुवात दुसऱ्या डिस्कपासून करा. मारधाडपटाच्या संचात शेवटची मारामारी तिच्यावर असते, त्यामुळे जास्त घासलेली तीच निघते.